नऊ वारांची वाकळ

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असा शहाणपणाचा सल्ला आपल्या वाडवडिलांनी देऊन ठेवला आहे. पाय आखडून कसे घ्यावेत हे त्यातून कळते. पण अंथरूणच मोठे कसे करावे, हे काही त्यात सांगितलेले नाही. ती युक्ती म्हणीत सापडायची नाही. ती बायकांच्या सुईत आहे. घरात पोरे वाढली, पाव्हणेरावळे वाढले, की त्यांनी एका लुगड्याला दुसरे जोडले, दुसऱ्याला तिसरे जोडले, पोटात जुनी धडुती भरली आणि अंथरुणाची हद्द हातभर पुढे सरकवली. या वाढवलेल्या अंथरुणाचे नाव वाकळ.

मी ज्या गावाविषयी लिहितो आहे ते घाटनांदूर. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या अंगावर वसलेले, परळीहून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्टेशन. हिवाळ्यात इथल्या पठारावर पहाटेचा गारठा चांगला बोचतो. घराघरांत मग कोपऱ्यात रचलेली वाकळांची चळत खाली उतरते. त्या चळतीत एखादी वाकळ अशी असते, की ती एकट्याने उचलत नाही आणि एकट्याने पांघरतही नाहीत. पाच-सहा पोरे तिच्याखाली ओळीने झोपतात आणि रात्रभर आपापल्या बाजूला ओढतात. ही जी मोठी, अवाढव्य वाकळ, ती शिवतात कशी, एवढाच या लेखाचा विषय आहे. प्रश्न साधा वाटतो खरा. पण त्यात मागाचे गणित आहे, बायकांच्या कष्टांचा हिशेब आहे, आमच्या तालुक्यातल्या एका संतकवीचे कापड आहे आणि सातासमुद्रापलीकडच्या यंत्राची एक चौकटही आहे.

शब्दांचे बोचके

मराठी शिकवणाऱ्या माणसाला वस्तूआधी शब्द दिसतो. एकदा वर्गात मी मुलांना घरी पांघरुणासाठी वापरतात ते शब्द लिहून आणायला सांगितले. गोधडी, वाकळ, लेप, रजई, दुलई, घोंगडे, पटकूर, चवाळे, दुपटे असे भरलेले बोचकेच समोर आले. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. घोंगडे लोकरीचे, धनगराच्या मागावरचे. लेप आणि रजई यांच्यात कापूस भरतात आणि त्यासाठी पिंजाऱ्याची तात लागते. दुपटे तान्ह्या बाळाचे. पटकूर म्हणजे ज्याचे दिवस भरत आले ते. गोधडी आणि वाकळ यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या पोटात कापूस नसतो. वर कापड, खाली कापड आणि मध्येही कापडच. वापरून, धुऊन, मऊ पडलेले जुने सुती कापड. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिच्यातही या शब्दांना जागा आहे.

त्याही मागे गेलो तर संस्कृतातली कंथा भेटते. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती विरक्ताच्या अंगावर आहे. बौद्ध विनयपिटकात तर शिवणकामाचा एक सुंदर प्रसंग आहे : मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला विचारले, की भिक्षूंसाठी असे चीवर करता येईल का; आणि आनंदाने तुकडे जोडून ते करून दाखवले. आपल्याकडे अलीकडच्या काळात हा वेष अंगावर वागवला तो गाडगेबाबांनी. १८७६ ते १९५६ एवढे त्यांचे आयुष्य. चिंध्यांच्या त्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत.

संन्याशाची कंथा ही एकट्याची असते. ती सोडण्याची खूण आहे. घरातली वाकळ उलटी. ती धरून ठेवण्याची खूण आहे. आजीचे इरकली, आईच्या लग्नानंतरचे पहिले लुगडे, आजोबांचे धोतर, मामाचा सदरा, सारे तिच्यात एका ठिकाणी येतात. कैलासवासी माणसाचा पदर पांघरून नातवंडे झोपतात आणि त्यांना ते ठाऊकही नसते.

रुंदी हाताची, लांबी मनाची

आता मोठ्या वाकळेकडे वळू. कापडाची लांबी आणि रुंदी या दोन गोष्टी आपल्याला सारख्याच वाटतात. विणकराला तशा वाटत नाहीत. ताणा जितका लांब लावावा तितके कापड लांब होते. त्याला हद्द नाही. रुंदीला मात्र हद्द आहे. जुन्या हातमागावर विणकर धोटा एका हाताने फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. त्याचे दोन हात जिथवर पोचतील तेवढाच पन्हा. त्याहून रुंद कापड हवे तर धोटा फेकायला दुसरा माणूस बसवावा लागे. १७३३ साली जॉन के या इंग्रजाने दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला, तेव्हा कुठे एकट्या विणकराच्या हाताला त्याच्या लांबीपलीकडचा पन्हा साधू लागला.

म्हणून लुगडे नऊ वार लांब असते, पण त्याची रुंदी साधारण चार फूट. वाकळ मोठी करायची म्हणजे रुंदीची ही हद्द ओलांडायची. आणि ती ओलांडण्याचा एकच मार्ग, जोड. आमच्या बायका शाळेत न जाता हे गणित जाणतात. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा नऊ फुटांचा. ते तीन तुकडे काठाला काठ लावून शिवले, की तयार होते नऊ फूट बाय बारा फुटांचे एक मैदान. एक लुगडे वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला आणि पोटात तीन लुगड्यांएवढी धडुती घातली, तर पाच थरांची वाकळ होते. आकडा लक्षात ठेवावा : नऊ बाय बारा. पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

कडेने बसायचे

मोठी वाकळ खोलीत मावत नाही. ती माळवदावर किंवा अंगणात, सारवलेल्या जमिनीवर पसरतात. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात. वारा सुटला तर पाटा-वरवंटाही कामाला येतो. मग एकावर एक थर. ही चळत अंथरताना खरे कसब लागते, शिवताना नव्हे. पाच थरांपैकी एखादा जरी आतल्या आत गोळा झाला, तर तिथे कायमची गाठ राहते आणि ती निजणाऱ्याच्या पाठीला जन्मभर लागते.

हे काम आयुष्यभर केलेल्या एका आज्जीला मी विचारले, की एवढ्या पसाऱ्यात झोळ येऊ नये म्हणून काय करता? ती म्हणाली, “सर, आधी मधून हात फिरवायचा. मधलं समदं कडंला लोटत न्यायचं, जसं पीठ लाटतो तसं. मग लांब लांब कच्चा दोरा घालायचा. त्यो पडला की वाकळ धरली म्हणायची. मग कडंनं बसायचं.”

या तीन-चार वाक्यांत सगळे शास्त्र आले. आधी मधून बाहेर, मग कडेकडून आत. कच्च्या दोऱ्याने थर एकमेकांना बांधले गेले, की बायका वाकळेच्या चार बाजूंना बसतात आणि धावदोऱ्याच्या ओळी घालत निघतात. माणसाचा हात बसल्या जागेवरून दीड-दोन हातच पोचतो. म्हणून कडेची ओळ संपली की शिवणारी पुढे सरकते आणि वाकळेवरच बसते. शिवून झालेला भाग तिच्या खाली येतो, तिच्याच वजनाने तो ताणलेला राहतो. म्हणजे चौकट नाही, खुंट्या नाहीत. ताण धरायला शिवणारीचे स्वतःचे अंग आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात, त्याही कडेने सुरुवात करून फेऱ्या घालत मध्यावर येतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी फुले लावतात. आपल्या वाकळेची ही सख्खी मावसबहीण.

आता कष्टांचा हिशेब मांडू. नऊ बाय बाराच्या वाकळेत इंचाइंचावर ओळ घातली, तर नऊ फुटांच्या एकशे चव्वेचाळीस ओळी होतात. एकूण शिवण १,२९६ फूट, म्हणजे सुमारे ३९५ मीटर. शाळेच्या क्रीडास्पर्धांत चारशे मीटरची शर्यत असते. जवळजवळ तेवढे अंतर सुईने पळायचे. इंचाला दोन टाके धरले तर टाके होतात ३१,१०४. मिनिटाला दहा टाके पडले, तर बावन्न तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर हे साडेसहा दिवसांचे काम झाले. यात लुगडी उसवणे, धुणे, अंथरणे, जोडणे, दोरा ओवणे आणि मधूनच रडणाऱ्या पोराला घेणे हे काहीच धरलेले नाही. चौघी बसल्या तर तेरा तासांत वाकळ उरकते. म्हणून ती कधी एकटीने शिवत नाहीत. आज तुझी, उद्या माझी, असा हा सावड असे. शेतातल्या सावडीची पुस्तकांत नोंद होते; अंगणातल्या या सावडीची होत नाही.

दासोपंतांचे कापड

अंबाजोगाईचे नाव निघाले की मराठीच्या अभ्यासकाला मुकुंदराज आठवतात. त्यांची समाधी तिथे दाखवतात आणि ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा, असे परंपरा सांगते. पण वाकळेच्या संदर्भात मला आठवतात ते दासोपंत. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. लिहिण्याचा त्यांचा आवाका असा, की त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. या दासोपंतांनी एक ग्रंथ कागदावर न लिहिता कापडावर लिहिला. तो ‘पासोडी’ याच नावाने ओळखला जातो आणि अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेला आहे.

पासोडी म्हणजे पांघरायचे जाडेभरडे सुती वस्त्र. दासोपंतांची पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. पुन्हा तीच गोष्ट दिसते ना? लांबी कवीच्या मनाएवढी, रुंदी मात्र पन्ह्याएवढी. तिच्यावर सुमारे सोळाशे ओव्या आहेत आणि विषय आहे पंचीकरण. वेदान्तात पंचीकरण म्हणतात ते असे : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांपैकी प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. कोणतेही तत्त्व निव्वळ एकटे नाही. प्रत्येकात इतर चारांचे तुकडे जोडलेले आहेत. हा विचार पंतांनी पांघरुणाच्या कापडावर उतरवला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्यांच्या मनात वाकळ होती असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरांत वाकळा शिवल्या जातात त्या घरांतल्या माणसाला पंचीकरण समजावून द्यायला यापेक्षा जवळचा दाखला शोधावा लागत नाही.

यंत्राची चौकट

हाताने साडेसहा दिवस लागतात, तर मग शिवणयंत्र का नाही? ते आले आहेच. गावोगावचे शिंपी गोधडी मशीनवर शिवून देतात; कुठे कुठे तर गाडीवर यंत्र घेऊन दारोदार हिंडणारे कारागीरही येतात. लहान गोधडी या यंत्रावर झटकन होते. पण मोठ्या वाकळेपुढे ते यंत्र हात टेकते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

घरगुती शिवणयंत्राची सुई आणि तिच्या उजवीकडचा खांब यांच्यात जेमतेम वीतभर जागा असते. सदऱ्याची बाही, परकराचा घेर तिथून सहज सरकतो. पण नऊ फूट रुंदीच्या वाकळेची मधली ओळ शिवायची तर निम्मी वाकळ, म्हणजे साडेचार फुटांचे पाच थर, गुंडाळून त्या वीतभर खिडकीत कोंबावे लागतात. कोंबलेच, तरी ती वळकटी ढकलायला एक माणूस आणि पलीकडून ओढायला दुसरा लागतो. ओढाताणीत वरचा थर पुढे सरकतो, खालचा मागे राहतो आणि चुण्या पडतात.

हीच अडचण अमेरिकेतल्या गोधडीवाल्यांनाही आली. गोधडीला तिथे ‘क्विल्ट’ म्हणतात. त्यांनी अडचणीचे मूळ ओळखले : यंत्र जागेवर आणि कापड फिरते, हे उलटे करायला हवे. कापड स्थिर ठेवावे आणि यंत्र फिरवावे. त्यासाठी लांब बाहूचे यंत्र निघाले. त्याला ‘लाँगआर्म’ असेच म्हणतात. दहा-बारा फूट किंवा त्याहूनही लांब अशी एक चौकट असते. तिच्यावर आडवे रूळ असतात. वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर या रुळांवर ताणून बसवतात. यंत्राचे डोके चाकांवर असते. दोन्ही बाजूंनी धरायला मुठी असतात. सायकलचा हँडल धरावा तसा तो धरून शिवणारी उभ्याने यंत्र चालवते, आणि सुई कापडावर लेखणीसारखी हवी तशी फिरते. हाताच्या आवाक्यातला पट्टा शिवून झाला की रूळ फिरवायचा; शिवलेला भाग गुंडाळला जातो आणि नवा पट्टा पुढे येतो. कच्चा दोरा घालायची गरज राहत नाही, कारण थरांना ताण चौकटच देते.

पण गंमत अशी, की यंत्र एवढे सुधारले तरी मागाचा जुना कायदा त्यालाही चुकला नाही. रूळ फिरवत गेले की क्विल्ट लांबीला हवी तेवढी होते; रुंदीला मात्र चौकट ठरवेल तेवढीच. म्हणून प्रचंड क्विल्ट आली की पहिली युक्ती अशी, की ती आडवी फिरवून लावायची, म्हणजे छोटी बाजू चौकटीवर आणि मोठी बाजू रुळावर. आपली नऊ बाय बाराची वाकळ दहा फुटी चौकटीवर याच रीतीने बसेल. दुसरी अडचण रुळाची. शिवलेला भाग गुंडाळत गेला की त्याची वळकटी जाड होते, ती यंत्राच्या बाहूखालीच असते, आणि जेवढी ती जाड तेवढी सुईला फिरायला जागा कमी. सुरुवातीला दीड-दोन फुटांचा पट्टा एका दमात होतो, शेवटी शेवटी तो आखडत जातो. तिसरी अडचण अस्तराची. उभ्याने शिवणारीला खालची बाजू दिसत नाही. तिथे दोरा सैल पडला तर वाकून किंवा हात घालूनच पाहावे लागते. आणि जी क्विल्ट चौकटीहून दोन्ही बाजूंनी मोठी आहे, तिचे काय? तिचे तुकडे वेगवेगळे शिवायचे आणि मागाहून जोडायचे. म्हणजे फिरून आपण आमच्या आज्जीच्या अंगणातच येऊन पोचलो.

हे यंत्र घाटनांदूरसारख्या गावात आणावे काय? त्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते. शिवाय ते बनले आहे नव्या, हलक्या, सारख्या जाडीच्या भरणासाठी. आमच्या वाकळेत कुठे दुहेरी काठ, कुठे जुनी शिवण, कुठे धोतराची घडी. सुई मोडायला एवढे पुरे. माझे मत विचाराल तर यंत्रापेक्षा त्यामागची कल्पना उचलावी. लांब लाकडी चौकट आणि दोन रूळ गावचा सुतार करून देऊ शकेल. तिच्यावर वाकळ ताणली तर चौघींना वाकून, मांडी घालून, पाठ मोडून घ्यावी लागणार नाही. चौकटीभोवती बसून हाताने क्विल्ट शिवण्याची रीत अमेरिकेतल्या खेड्यांत यंत्राच्या आधीपासून होतीच. बायकांच्या कंबरेचा विचार करून सुधारणा झाली, असे आपल्याकडे फारसे घडत नाही. इथे ते थोड्या खर्चात घडू शकेल.

दूरदेशीच्या वाकळी

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाच्या राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड ही वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीयांची ही वस्ती, कापसाच्या शेतांवर राबणारी. तिथल्या बायका शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या क्विल्ट शिवत आल्या. मिझूरी पेटवे नावाच्या एका बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट शिवली. ती पांघरून त्याची आठवण उबेत राहावी एवढाच तिचा हेतू होता. साठ वर्षांनी, २००२ साली, ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाने या बायकांच्या क्विल्ट भिंतीवर टांगल्या आणि जाणकारांनी त्यांची गणना उत्तम चित्रांत केली. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली.

याहून मोठी, किंबहुना जगातली सर्वांत अवाढव्य म्हणावी अशी वाकळ एड्सच्या साथीत जन्माला आली. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या भव्य मैदानावर ती प्रथम अंथरली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा एका मृत माणसाच्या नावाचा, तीन फूट बाय सहा फुटांचा. म्हणजे कबरीच्या मापाचा. आठ तुकडे जोडून बारा बाय बाराचा एक चौरस होतो. आता तिच्यात सुमारे पन्नास हजार तुकडे आहेत आणि वजन आहे चौपन्न टन. एवढे कापड कोणत्याही चौकटीवर चढणार नाही. ते शिवले घराघरांतून, आईने, भावाने, मित्राने. आणि मग जोडले. त्या एका चौरसाशेजारी आपली नऊ बाय बाराची वाकळ ठेवून पाहावी. लांबी तीच, रुंदीत तीन फुटांचा फरक. दोन टोकांच्या दोन देशांतल्या माणसांनी हातांच्या पोचेला हेच उत्तर काढले : जेवढे हाताला झेपते तेवढे एकेकट्याने शिवा आणि बाकीचे एकत्र येऊन जोडा.

धडुती गेली कुठे?

आमच्याकडे मात्र वाकळ आटत चालली आहे. दोष कोणा एकाचा नाही. पूर्वी जुने लुगडे घराबाहेर जात नसे. लुगड्याची वाकळ, वाकळेचे पटकूर, पटकुराचे पोतेरे आणि पोतेऱ्याचा शेवटी काकडा, असा त्याचा पुरा संसार होई. मग दारात बोहारीण आली. चार जुन्या साड्यांवर स्टीलचे पातेले मिळू लागले. गृहिणीने तो सौदा केला तर तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पातेले तिला लागतच होते. त्यानंतर नऊवारी गेली, पाचवारी आली, आणि सुताच्या जागी कृत्रिम धागा आला. ही साडी विरत नाही, म्हणून मऊही पडत नाही. थरांत घातली तर एकावरून एक घसरते. घाम टिपत नाही. आणि तिच्यात ठिणगी पडली तर ती नुसती जळत नाही, वितळते आणि अंगाला चिकटते. शेवटी बाजारात पानिपतचे ब्लँकेट आले. जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून धागा काढायचा आणि त्याचे ब्लँकेट विणायचे, हा तिथला मोठा धंदा. काहीशे रुपयांत ऊब मिळते आहे. तिच्यापुढे बावन्न तासांची सुई कोण घेऊन बसणार?

पुण्या-मुंबईच्या दुकानांत गोधडीला आता मान आहे, हे खरे आहे. तिथे ती नव्या कापडाची असते, तिला किंमतही चांगली असते. पण त्या किमतीला टाक्यांनी भागून पाहावे. एकतीस हजार टाके घालणारीच्या पदरात साडेसहा दिवसांची मजुरी तरी पडते का, एवढाच प्रश्न खरेदी करणाऱ्याने विचारावा. कलेचे कौतुक आपण तोंडभर करतो. मजुरी विचारायला मात्र संकोचतो. आपल्या घरच्या वाकळेची मजुरी तर कोणी कधीच मोजली नव्हती. ती आईने शिवली, म्हणजे फुकट झाली, असे आपण धरून चाललो होतो.

टोळीबरोबर

नवरात्राआधी आमच्याकडे ‘दसरा काढतात’. घरातले सगळे अंथरूण-पांघरूण पाण्यावर नेऊन धुतात. भिजलेली वाकळ दगडासारखी जड होते. दोघींनी दोन टोके धरून उलट्या दिशांना पिळावी तेव्हा ती पाणी सोडते. मग काट्याकुट्यांवर, बांधांवर, खडकांवर त्या पसरल्या जातात आणि माळ दोन दिवस रंगीबेरंगी दिसतो.

हा सणाचा सोहळा असतो तशी ती प्रवासाची तयारीही असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर त्या जातात आणि परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. ट्रॅक्टरवर, ट्रकवर धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, शेळी आणि सर्वांत वर वाकळांची वळकटी. ती वळकटी हेच त्यांचे घर. पाचटाच्या कोपीत ओल्या जमिनीवर एक वाकळ अंथरायची, एक पांघरायची. दिवसा फडात तिचीच झोळी करून बाळाला टांगायचे. पहाटे तीन-चारला उठून कोयता हाती घेणाऱ्या बाईची जी काही झोप होते, ती या वाकळेवर होते. कोपीत चूल असते, शेकोटी असते. तिथे सुती वाकळ आणि वितळणारी साडी यांतला फरक शोभेचा राहत नाही, अंगाच्या कातड्याचा होतो.

म्हणून वाकळ टिकावी असे मी म्हणतो, ते जुन्याच्या ओढीने नव्हे. ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज आहे त्यांच्याकडे आता जुने सुती कापड उरलेले नाही, आणि ज्यांच्या कपाटांत ते आहे त्यांना वाकळेची गरज उरलेली नाही. हे दोन तुकडे जोडायचे आहेत. दिवाळीची आवराआवर करताना बोहारणीच्या ढिगातून सुती लुगडी, धोतरे, पांढऱ्या चादरी तेवढ्या बाजूला काढाव्यात. धुऊन, घडी घालून, गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती द्याव्यात. त्यांच्याबरोबर शिवणावळही द्यावी, दिवसाच्या मजुरीच्या हिशेबाने. आणि ज्यांच्या घरी शिवणारी आई, आजी, मावशी अजून हयात आहे त्यांनी तिच्याशेजारी एक दुपार बसून थर कसे अंथरायचे ते शिकून घ्यावे. टाका कोणालाही घालता येतो. मधून हात फिरवून झोळ कडेला कसा न्यायचा, ते पुस्तकातून येत नाही.

या दिवाळीत निघणाऱ्या टोळ्यांच्या वळकट्या बांधून झाल्या असतील. पुढच्या दसऱ्याला अजून वर्ष आहे. एक मोठी वाकळ शिवायला चौघींना दोन दिवस पुरतात.